बेमुदत

जर्मनीतल्या एश्बॉर्नमधला रविवार म्हणजे सक्तीची विश्रांती. दुकानं बंद, आणि घरात कपड्यांचं मशीन लावलं तर खालची बाई दार ठोठावते. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे सासरे, म्हणजे बाबा, तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. त्यांना टीव्हीवर एक जुना हॉलिवूडपट सापडला. एक माणूस सैनिकी शाळेत तात्पुरता म्हणून चिकटतो आणि अख्खा जन्म तिथेच काढतो. त्यातले अमेरिकन लोक फाडफाड जर्मन बोलत होते, म्हणून मी शेजारी बसून भाषांतर करत होते.

नायक बायकोला सारखा सांगायचा, हे शेवटचं वर्ष. तिसऱ्यांदा ते मराठीत सांगताना मला स्वतःचाच राग आला. हेच वाक्य मी आठ वर्षं फोनवर बाबांना ऐकवत होते. आलो होतो दोन वर्षांसाठी.

"याच्या नोकरीची मुदत किती?" बाबांनी विचारलं.

"उनबेफ्रिस्टेट," माझ्या तोंडून गेलं. शुक्रवारी कंपनीने दिलेल्या माझ्या नव्या करारावर तोच शब्द होता. उद्या सही करायची होती आणि बाबांना अजून काहीच सांगितलं नव्हतं. "म्हणजे, बेमुदत."

"बेमुदत संप असतो, उपोषण असतं. नोकरी कसली बेमुदत?" ते हसले. "आम्हाला भरती होतानाच माहीत असायचं, पेन्शन घेऊन घरी कधी यायचं ते."

शेवटी म्हाताऱ्या नायकासाठी संचलन झालं आणि मी ढसाढसा रडले. बाबांना वाटलं, सुनेला फौजेचं केवढं कौतुक! मी मात्र त्या मैदानाला कुठे फाटक दिसतंय का, एवढंच शोधत होते. सही करायची नव्हती आणि न करायची हिंमतही नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

टीव्ही बंद करून बाबांनी माझ्या सात वर्षांच्या मुलीला जवळ घेतलं. गावच्या घराचा वरचा मजला त्यांनी आमच्यासाठीच चढवलाय.

"काय गं बाळा, घरी कधी येणार?"

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. "विअर झिंट डॉख त्सुहाउझं," ती म्हणाली. आपण घरीच तर आहोत.

"काय म्हणतीय?" दुपारभर माझ्या भाषांतरावर विसंबलेल्या बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"लवकर येऊ म्हणतेय."

"मग वरच्या मजल्याला रंग काढून घेतो," ते खुशीत म्हणाले.

मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला दोन्ही भाषा कळतात.