पत्त्यांच्या डावासाठी जन्मतारीख

आमच्या घरातला कॉम्प्युटर माझा आणि नवऱ्याचा, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात दुपारची जेवणं आटोपली की त्याच्यासमोर सासूबाई बसायच्या आणि चहाची वेळ होईपर्यंत पत्ते खेळायच्या. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून पुढे आत्याच म्हणते.

हा नाद टाळेबंदीतला. सगळे घरात अडकलेले, आत्यांचा वेळ जाईना, म्हणून नवऱ्याने त्यांना एकट्याने खेळायचा पत्त्यांचा खेळ लावून दिला. लाल पत्त्यावर काळा, काळ्यावर लाल. थोड्याच दिवसांत त्यांचा हात आमच्यापेक्षा झरझर चालायला लागला. डाव लागला की पडद्यावर सगळे पत्ते उसळ्या मारत खाली पडायचे. ते बघायला त्या मामांना हाक मारायच्या आणि मामा पेपरातून डोकं वर न काढता "पाहिलं, पाहिलं" म्हणायचे.

वर्षभरापासून पडद्यावर एक पाटी येत होती. जुन्या सिस्टीमचं वय झालं, नवी टाकून घ्या, असा तिचा मतलब. नवरा 'नंतर' वर बोट ठेवून मोकळा व्हायचा. आत्यासुद्धा ते शिकल्या होत्या. दारावर आलेल्या भांडीवाल्याला लावावं, तसं त्या पाटीला वाटेला लावायच्या.

मी पालीच्या शाळेत शिकवते. आमचं एक प्रशिक्षण ऑनलाइन होतं आणि ते जुन्या सिस्टीमवर उघडेचना. मे महिन्यातल्या एका रविवारी नवरा तेलगावला लग्नाला गेला होता. फोनवर म्हणाला, "मी आल्यावर बघू." हे मी वर्षभर ऐकत होते. फोटो पेनड्राइव्हवर काढून घेतले आणि 'होय' दाबलं.

आत्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय करायलीस बाई?"

"नवी सिस्टीम टाकतेय, आत्या."

"माझे पत्ते?"

"राहतात की." मी इतक्या ठामपणे सांगितलं, की मलाच ते खरं वाटलं.

काम निम्म्यावर आलं आणि लाईट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला, पण आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी जुनी, उन्हाळ्यात पंख्यांनी ती लगेच मान टाकते. पडद्यावर तर लिहिलेलं, मधेच बंद करू नका. मी ते मामांना वाचून दाखवलं. मामांची सगळी नोकरी धरणावर गेली. पाण्याची पातळी बघायची, दारं किती उघडायची ते ठरवायचं. इतक्या वर्षांनी त्यांना पुन्हा जोखमीचं काम मिळालं. पेपराची घडी घालून त्यांनी खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली.

"आदी पंखे बंद करा," ते म्हणाले.

आत्या उठल्या आणि पंख्यांच्या आधी टीव्ही बंद केला.

"आगं, बातम्या चालू हायत."

"संध्याकाळी त्याच लागत्यात."

मग पंखे गेले, दिवे गेले, फ्रिजसुद्धा आत्यांनी बंद करायला लावला. मे महिन्यातल्या बीडच्या दुपारी आम्ही तिघं बिनवाऱ्याचे त्या पडद्यासमोर बसलो. मी जुन्या लग्नपत्रिकेने वारा घेत होते. आत्या पदराने वारा घालत होत्या, पण स्वतःला नाही, टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्याला.

"ह्याला बी उकडत आसंल," त्या म्हणाल्या.

मामा मधूनमधून पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचे. "चढायलंय." आकडा अडला की, "तटलंय." ते तटलं की आमचाही जीव तटायचा. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. मी काही बोलायच्या आत आत्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "ठिव. हितं काम चालू हाय," म्हणाल्या आणि बंद केला. लग्नाच्या मांडवात उभ्या असलेल्या माणसाला घरात कसलं काम चालू आहे ते कळलं नाही. त्याने घाबरून लागोपाठ फोन केले, आम्ही एकही उचलला नाही.

इन्व्हर्टर टींटीं करायला लागला, तेव्हा मात्र मी आशा सोडली. प्रशिक्षण गेलं, कॉम्प्युटर गेला आणि आत्यांना काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव सुरू केली. आत्यांनी इन्व्हर्टरवर हात ठेवला, आजारी माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा. कशाने ते देवाला ठाऊक, पण लाईट आली. मी पंख्याकडे धावले तर मामांनी अडवलं. "येकदम समदं चालू करू नका. झटका बसंल." सिस्टीम पुरी होईपर्यंत त्यांनी कुणाला बटणाला हात लावू दिला नाही.

नवा पडदा आला तेव्हा ऊन उतरलं होतं. खालच्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण आता मधोमध बसलेलं.

"हे कावून मधी आलं?" आत्यांनी विचारलं. मी पत्ते शोधायला लागले.

पत्ते होते, पण खेळायच्या आधी खातं उघडा म्हणत होते. नाव टाकलं, फोन टाकला. पुढे जन्मतारीख.

"एक जून टाकते," मी म्हणाले. आधारवर तीच होती.

"ती न्हाई लिहायची. ती मास्तरानं दिलेली हाय. ह्यांची बी तीच, माझ्या दिराची बी तीच."

ते खरंच होतं. तारीख ठाऊक नसलेलं पोर शाळेत आलं की आमच्या जुन्या मास्तरांनी एक जून लिहून टाकायचा. निम्मा जिल्हा त्या दिवशी जन्मलेला आहे. पण आत्यांना आता स्वतःची हवी होती, आणि तीही पत्त्यांसाठी.

"तुमची आई काय सांगायची?"

आत्या आठवत बसल्या. कापसाची पहिली वेचणी सुरू होती. दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. वडील बाजाराला गेलते, परत आल्यावर त्यांना कळलं. त्यांच्या गावचा बाजार बुधवारचा. बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं तेव्हा त्या पंधराच्या होत्या, त्यावरून सालही निघालं. मी त्या सालाचं कॅलेंडर काढलं. दसरा-दिवाळीच्या मध्ये तीन बुधवार होते.

"पयला घे आन मोकळी हो," मामा म्हणाले.

"आसं कसं? इचार करू द्या."

भाकरी थापतानाही त्या विचारच करत होत्या. जेवणं झाल्यावर त्यांनी निकाल दिला. "पयल्या बुधवारी माणसं दसऱ्यातून मोकळी झालेली नसत्यात. तिसऱ्याला दिवाळीची घाई. मधला बरा. मी निवांतच आले आसंल."

मी मधला टाकला. खेळ उघडला आणि आत्यांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांचे जिंकलेले डाव गेले होते, हिशेब शून्यापासून होता. वर दोन डावांच्या मध्ये प्लॉटच्या जाहिराती. मला फार अपराधी वाटलं. पुढे काही दिवस त्या दुपारी तिकडे फिरकल्या नाहीत. शेवटी मामांनी दुकानातून खऱ्या पत्त्यांचा कॅट आणला आणि समोर बसले. आत्यांनी त्यांना सलग हरवलं. "तुमाला पत्ते दिसत्यात तरी का?" असं विचारून त्या उठल्या आणि कॉम्प्युटरपुढे जाऊन बसल्या. जाहिरात लागली की हात जोडून, ती संपेपर्यंत वाट बघायच्या.

दसऱ्यानंतर एके दिवशी त्यांच्या त्या खात्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. मी मोठ्याने वाचल्या.

"मला कोण वळखतं तिथं?" आत्या म्हणाल्या. तरी पुन्हा एकदा वाचायला लावल्या.

मामा चप्पल घालून बाहेर गेले आणि पेढे घेऊन आले. पुडा आत्यांच्या हातात देत म्हणाले, "घे. मधला बुधवार."

"आज बुधवार कुठं हाय? गुरुवार हाय."

"तारीख तीच हाय ना?"

आत्यांनी अर्धा पेढा खाल्ला, उरलेला त्यांना दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता ह्यांची बी काढ बाई. किती दिवस मास्तराची वापरणार?"

मामा म्हणाले, "माझ्या मायनं मला कायबी सांगितलं न्हाई. त्या दिवशी पाऊस लई होता, एवढंच म्हणायची."

"मग सोपं हाय," आत्या म्हणाल्या. "आपल्याकडं लई पाऊस कितीदा पडतोय?"