पुढच्या सीटवरची जाकोमिना

जाकोमिना दुकानात आली तेव्हा मी दूधवाल्याच्या सायकलचं मागचं चाक सरळ करत बसलो होतो. उत्तर इटलीतल्या एदोलो गावातलं हे सायकल-दुरुस्तीचं दुकान माझ्या वडिलांपासूनचं. गावातली प्रत्येक सायकल मी आवाजावरून ओळखतो, पण जाकोमिनाकडे सायकलच नव्हती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळायची आणि घर ते शाळा पायीच जायची-यायची. बोलणं बेताचं. नमस्कारसुद्धा मानेनेच करायची.

"तुल्लिओ, मला दोघांची सायकल करून दे," ती म्हणाली.

"दोघांची म्हणजे?"

"एक पुढे, एक मागे. तशी असते म्हणे."

"असते. पण पुढे कोण बसणार?"

"मग काय बोर्तोलोला बसवू?"

बोर्तोलो म्हणजे तिचा नवरा. हाडाचा गवंडी. दोन वर्षांपूर्वी कळीचा चुना विरवताना हौद उसळला आणि चुना त्याच्या दोन्ही डोळ्यांत गेला. ब्रेशा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्याला महिनाभर ठेवलं, पण उजेड-अंधार कळण्यापलीकडे काही उरलं नाही. त्याआधी दर रविवारी तो आणि मी घाट चढायला जायचो. आमच्या खोऱ्यातला असा घाट नाही जिथे आम्ही घाम गाळला नाही. आंधळा झाल्यापासून तो चुलीजवळच्या बाकावर बसला तो बसलाच. मी भेटायला गेलो की हवेबद्दल दोन शब्द बोलायचा आणि गप्प व्हायचा.

"रोज संध्याकाळी मला सांगतो," जाकोमिना म्हणाली, "आप्रिकाच्या घाटात कुठल्या वळणावर पाण्याचा नळ आहे, कुठे सावली आहे. मला काय करायचंय त्या नळाशी? काल म्हटलं, उठ, दाखव तुझा नळ. तर म्हणतो, कसा दाखवू. म्हणून आले."

"तुला सायकल येते?"

"मुलगी होते तेव्हा यायची."

"आणि घाट?"

"तो शिकवेल. त्याला नाही जमलं तर तू शिकव."

मी तिला समजावून पाहिलं. ती ऐकत उभी राहिली आणि माझं संपल्यावर विचारलं, "कधी देतोस?"

दोन जुन्या फ्रेम कापून मी एकीला एक झाळल्या. मागच्या चाकाला मोटारसायकलचा ड्रम ब्रेक बसवला, कारण दोन माणसांचं वजन उतारावर साध्या ब्रेकला जुमानत नाही. सायकल दिसायला गाढवासारखी होती, पण मजबूत होती.

पहिल्याच संध्याकाळी दोघं चर्चच्या कोपऱ्यावर, बारच्या बरोबर समोर आडवी झाली. बारबाहेर म्हातारा मफेओ नेहमीसारखा ग्लास घेऊन बसला होता. तो म्हणाला, "जाकोमिना, आंधळा तो आहे. तू कशाला डोळे मिटलेस?"

तिने स्कर्ट झटकला, बोर्तोलोला हात देऊन उठवलं. म्हणाली, "मफेओ, आज रात्री तू सरळ चालत घरी पोच, मग उद्या मला शिकव." बारमधली माणसं हसली आणि दोघं पुन्हा सायकलवर बसली.

पडणं लवकर थांबलं. भांडणं थांबायला वेळ लागला. बोर्तोलो मागून हुकूम सोडायचा. आता गिअर बदल, आता वळ, आता ब्रेक सोड. त्याला रस्ते पाठ होते, हीच अडचण. एक दिवस नदीकाठच्या चढावर तिने सायकल थांबवली.

"उतर."

"का?"

"सायकल एक आणि चालवणारे दोन. हे चालायचं नाही. तू पायी ये."

आणि खरंच ती सायकल ढकलत पुढे निघाली. तो तिच्या चाकाचा आवाज ऐकत, काठीने रस्ता चाचपत घरापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी दोघं माझ्याकडे आली, जणू मी पंच. ठरलं असं की गिअर, ब्रेक आणि वळण तिचं, त्याने फक्त पाय चालवायचे. पण त्यानेही अट घातली.

"मग मला काय दिसतंय ते सांगत राहायचं. मुकाट चढायचं नाही. मुकाट मी घरी बसतोच."

ही अट तिला चढापेक्षा जड गेली. त्या उन्हाळ्यात मी कधी कधी माझ्या सायकलवर त्यांच्यामागून जायचो, तेव्हा ऐकायला मजा यायची.

"काय दिसतंय?"

"डोंगर."

"कसा?"

"मोठा."

"अगं बाई, मोठा आहे ते माझ्या गुडघ्यांना कळतंय. अजून काय?"

"थांब की, दम लागलाय."

पण ऑगस्टमध्ये दोघं आप्रिकाच्या खिंडीत पोचली तोवर तिची जीभ सुटली होती. हिरव्या दाराचं घर. बाई गाद्या उन्हात टाकतेय, एक गादी फाटकी. कुत्रा आहे, पण बांधलेला. आपल्याकडे बघून पोरगं वेडावतंय. बोर्तोलो मागे बसून खदखदा हसायचा. तो नळही त्यांना सापडला. पाणी येत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात तोनालेचा घाट झाला. त्यानंतर गाव्हियाच्या घाटाचं नाव तिनेच काढलं आणि बोर्तोलो नको म्हणाला. वरचा रस्ता मातीचा, एकाच गाडीपुरता, आणि दरीच्या बाजूला कठडा नाही.

"ती दरी मी पाहिलीये, मिना. तू नाही."

"तेच बरं. मी रस्ता बघेन."

जुलैमध्ये निघालो. मी व्हॅन घेऊन मागे होतो. पायथ्याचं पोंते दी लेन्यो गाव सोडून थोडं वर आल्यावर तिने सायकल थांबवली आणि माझ्या खिडकीशी आली.

"तू पुढे जा आणि माथ्यावर थांब. मागे तुझं इंजिन घरघरतंय ना, तोवर मला वाटत राहतं की कुणीतरी आम्हाला उचलायला टपलंय."

मी गेलो. माथ्यावरच्या आसऱ्याच्या घरात बार्लीचं सूप घेऊन खिडकीशी बसलो. दुपारी ढग खाली आले. आधी पाऊस, मग पाण्यात कालवलेला बर्फ. रस्त्याच्या डागडुजीचा एक ट्रक वर आला. ड्रायव्हर आत येऊन हात चोळत म्हणाला, "खाली दोन येडी सायकल ढकलत येतायत. म्हटलं बसा. बाप्या बसत होता, बाई नाही म्हणाली."

मी किल्ली उचलली.

वाटेतल्या काळ्या तळ्याच्या खालच्या अंगाला ती दोघं भेटली. जाकोमिनाचे ओठ जांभळे झाले होते आणि लोकरीची पॅन्ट भिजून पायांना चिकटली होती. बोर्तोलोला तिने डोंगराच्या बाजूला घेतलं होतं, स्वतः दरीकडून चालत होती. मी दार उघडलं.

"मिना, बस झालं," बोर्तोलो म्हणाला. "मी थकलो."

"तू थकलास, की माझ्यासाठी थकलास?"

त्याने तोंडावरचं पाणी पुसलं.

"खरं सांग."

"तुझ्यासाठी."

"मग चल." आणि मला म्हणाली, "गाडी मागे घे, तुल्लिओ. जागा अडतेय."

त्या रस्त्यावर वळवायला जागा नव्हती. मला उलट्या गिअरमध्ये वर जावं लागलं, मान मुरगळून, चाक कडेपासून किती लांब आहे याचा अंदाज घेत. काचेतून ती दोघं माझ्याकडे चालत येताना दिसत होती. तिचं तोंड सतत हलत होतं. दगड. पाणी. इथे माती बसलीये, माझ्या अंगाला लागून ये. मला ऐकू येत नव्हतं, पण तिचं बोलणं मला आता पाठ होतं. मला तिची भीती वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

ती दोघं माथ्यावर पोचली. आत आल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ट्रकवाल्याने फक्त शेकोटीजवळची आपली खुर्ची सरकवून दिली. दोघांनी गरम वाइन घेतली, सूप घेतलं, कपडे सुकवले. मग डोंगरात होतं तसं अर्ध्या तासात आभाळ उघडलं.

बाहेर पांढऱ्या तळ्याच्या काठाने रस्ता थोडा सपाट जातो. सायकल तपासताना बोर्तोलो म्हणाला, "इथे दरी नाही. मला आठवतंय."

"नाही. गवत आहे."

"मग मला पुढे बसू दे. एकदाच."

मी बोलायला तोंड उघडलं. जाकोमिनाने माझ्याकडे बघितलं आणि मी मिटलं. ती मागे बसली. तो पुढे बसला, हँडलवर हात फिरवून घेतला.

"सरळ," ती म्हणाली. "डावीकडे थोडं. जास्त झालं. सरळ. सरळच आहे, बोर्तोलो, मार पाय."

त्याने मारले. चिखल उडवत सायकल चांगलीच सुटली आणि तिचा आवाज चढत गेला, उजवीकडे, उजवीकडे, ते डावीकडे झालं, उजवीकडे. मग दोघं ओल्या गवतात लोळली. मी धावत गेलो तर उताणी पडून हसत होती. तिच्या कोपराचं सालटं निघालं होतं.

उतार तिच्यासाठी चढापेक्षा वाईट होता. मी आता मागे होतो, तिची हरकत नव्हती. ड्रमचा जळका वास यायला लागला की ती थांबायची, तो निवेपर्यंत पायी चालायची, मग पुन्हा बसायची. संध्याकाळी पलीकडच्या सांता कातेरिना गावात पोचलो तेव्हा ती सायकलवरून उतरेचना. हँडल घट्ट धरून तशीच उभी. मला वाटलं रडतेय.

"हात उघडत नाहीत," ती म्हणाली.

मी तिचं एकेक बोट ब्रेकवरून सोडवलं. बोर्तोलोने ते हात आपल्या काखेत धरले आणि खानावळीचं जेवण येईपर्यंत सोडले नाहीत. त्या रात्री तिला घास त्यानेच भरवला. अंदाजाने. निम्मा हनुवटीवर.

त्यानंतर त्यांचे पुष्कळ घाट झाले. स्तेल्व्यो झाला, पलीकडे स्वित्झर्लंडातलेही दोन झाले. प्रत्येक वसंतात सायकल माझ्याकडे यायची, मी ब्रेक बदलायचो, चेन बदलायचो. पुढे बोर्तोलोचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी चढ बंद केले, मग ती दोघं नदीकाठी सपाटीवर फिरायची आणि ती बगळेसुद्धा मोजून सांगायची. एका फेब्रुवारीत तो गेला.

जाकोमिनाने मोठी सायकल विकली नाही, गोठ्यात उभी केली. माझ्याकडून एक साधी घेतली, जुनीच. गेल्या जूनमध्ये ती एकटी आप्रिकाला जाऊन आली, आणि येताना पेडल करकरतंय म्हणून दुकानात थांबली.

"कसा होता चढ?" मी विचारलं.

"सोपा. मागे वजन नव्हतं ना."

मी तेलाची बुधली घेऊन खाली बसलो. ती दारातून रस्त्याकडे बघत होती.

"वर गवत कापायला घेतलंय," ती म्हणाली. "पलीकडच्या शेतात अजून उभंच आहे. आणि तीन माणसं, एकाच्या डोक्यावर टोपी नाही."

"हं," मी म्हणालो. "अजून काय?"

ती स्टुलावर बसली आणि सांगत राहिली.