दादांच्या नावावरची पिकअप

कुकटपल्लीतल्या एका कारखान्यात अंबाजीनं सव्वीस वर्षं लेथ मशीन चालवलं. मग एका सोमवारी मालकानं त्याला समोर बसवून चहा पाजला आणि सांगितलं, उद्यापासून यायचं नाही. कंप्युटरवर चालणारी दोन मशिनं आली होती. "चहा मात्र झकास होता, आलं घातलेला," असं अंबाजी पुढं कितीदा तरी सांगायचा आणि ऐकणारा हसला की स्वतः गप्प व्हायचा. वय बावन्न. या वयात दुसऱ्याच्या मशीनवर कोण उभं करणार?

कुकटपल्लीतल्याच घरासमोर कडुलिंबाखाली ताडपत्रीत गुंडाळलेली एक पिकअप उभी होती. अंबाजीच्या थोरल्या भावाची, एकनाथरावांची. अफझलगंजला त्यांचं मिरची-हळदीचं ठोक दुकान. दुकानाला नवा टेम्पो आला तेव्हा, सात वर्षांपूर्वी, ही जुनी गाडी त्यांनी अंबाजीच्या दारात आणून लावली. "राहू दे रे तुझ्याकडं. तुझ्या हातात कला आहे. तुझीच समज," असं म्हणाले होते. त्या दोन शब्दांवर अंबाजीनं आपलं उरलेलं आयुष्य उभं करायचं ठरवलं.

बेत साधा होता. शहरात जिकडं बघावं तिकडं उंच सोसायट्या. तिथं गेटची बिजागरी तुटते, जिन्याचा कठडा हलतो, टाकीचा स्टँड गंजतो. तिथला माणूस काही कठडा उचलून वर्कशॉपला नेत नाही. मग वर्कशॉपच त्याच्या दारात न्यायचं. पिकअपच्या हौद्यात वेल्डिंग मशीन, जनरेटर, लोखंड आवळून धरायचा वाइस, हत्यारांचे खण. फोन आला की निघायचं. कुणाच्या हाताखाली नाही, कुणाचा चहा नको.

मुलगी प्रियदर्शिनी हायटेक सिटीत नोकरीला. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "बाबा, गाडी मोठ्या काकांच्या नावावर आहे ना? आधी ट्रान्सफर करून घ्या, मग पाना लावा."

"दादाकडं कागद मागू? जीभ झडेल माझी."

"एक सही तर करायचीय त्यांना."

"तुला नाही कळायचं ते."

तिला कळत नव्हतं असं नाही. अंबाजीचे वडील गेल्यापासून या घरात जे आलं ते थोरल्याच्या नावावर आलं. भालकीकडचं शेत, दुकानाचा परवाना, अंबाजीची पहिली मोटारसायकलसुद्धा. धाकट्यानं कागद मागणं म्हणजे थोरल्यावर संशय घेणं, असंच दोघांना वाढवलेलं. एकनाथरावांनीही त्याला कधी फसवलं नव्हतं. फसवायची वेळच आली नव्हती, कारण अंबाजीनं कधी काही मागितलंच नव्हतं.

ताडपत्री काढली तर आत उंदरांचा संसार. वायरिंग कुरतडलेलं, सीटच्या काथ्याची घरटी झालेली. अंबाजीनं इंजिनाचं हेड उतरवलं. वॉल्व इतके जळलेले, की बोटानं चाचपले तरी खड्डे लागत. पेस्ट लावून त्यानं एकेक वॉल्व हातानं घासून बसवला, वर डिझेल ओतलं, आणि खाली थेंब गळतो का ते बघत तासभर उकिडवा बसून राहिला. गळलं नाही. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतला एक तुटका होता, तो बदलला. खालच्या सांगाड्याला, चासीला, एका जागी गंजानं भोक पडलेलं. तिथला कुजका भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापून काढला आणि जाड पट्टी आतून-बाहेरून जोडली. वरून नुसता पत्रा चिकटवून रंग मारणं त्याला जमलं नसतं. कुणी बघणार नव्हतं, तरी नसतं जमलं.

"त्या गाडीला एवढ्या अंघोळी," बायको, तारामती, दारातून म्हणायची, "स्वतःचा अवतार बघा एकदा." पण तीच रोज त्याचे काळे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि गल्लीतलं कुणी ग्राइंडरच्या आवाजाची तक्रार घेऊन आलं तर त्याला वाटेला लावायची.

आठ महिने गेले. डिझेलच्या नळीतली हवा काढून झाली आणि चौथ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झालं. आधी पांढरा धूर, मग निळसर, मग काहीच नाही. अंबाजी बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. तारामतीनं आतून विचारलं, "झाली का हो?" त्यानं नुसती मान हलवली, आणि ती तर आत होती, तिला दिसलीही नाही.

हौद्यावर पत्र्याची पेटी चढली. उजव्या बाजूला वाइस, डाव्या बाजूला आठ खण. रस्त्यातल्या खड्ड्यांत उघडू नयेत म्हणून प्रत्येकाला स्वतः घडवलेला खटका. दादांना यातलं काही सांगितलं नव्हतं. पुरतं झाल्यावर एकदम नेऊन दाखवायचं होतं.

राहिलं आरटीओचं पासिंग. प्रियदर्शिनीनं लॅपटॉपवर अर्ज भरला आणि थांबली. "ओटीपी गेलाय. मालकाच्या मोबाइलवर."

"मालकाच्या," तारामती म्हणाली. तेवढंच.

अंबाजीनं फोन लावला. "दादा, तुमच्या मोबाइलवर एक नंबर आला असेल बघा."

"आलाय. कसला हा?"

"आपली पिकअप. पासिंगला टाकतोय."

"ती भंगारवाली? चालते?"

"घड्याळासारखी चालते, दादा."

"वा! आणि मला पत्ता नाही. घे, लिहून घे."

गाडी पास झाली. तपासणाऱ्यानं दोनदा खाली वाकून चासी बघितली आणि विचारलं, कुणाकडून करून घेतलं काम? त्या दिवशी अंबाजी पेढे घेऊन घरी आला. पुढच्या रविवारी एकनाथराव आले, सोबत मुलगा हर्षवर्धन. त्यानं गंडीपेठच्या रस्त्याला नुकताच कॅफे काढला होता. आल्या आल्या तो मोबाइल धरून गाडीभोवती फिरू लागला.

"काका, काय चीज बनवलीय! आणि राज्य फुटायच्या आधीची, एपीची नंबर प्लेट! आता सगळीकडं तेलंगणाच्या प्लेट्या, ही मिळतच नाही. पब्लिक वेडं होईल."

"पब्लिक?"

"कॅफेच्या दारात उभी करायची. हौद्यात कॉफीचा काउंटर."

अंबाजीला वाटलं, सुटीच्या दिवसापुरतं म्हणत असेल. "नेऊ की. संध्याकाळी परत आणीन मी."

"परत कशाला? कायमची. चाकं काढून खाली विटा लावू. इंजिनही काढून टाका, तिथं फ्रीज बसेल."

तारामती चहा घेऊन आली होती. ट्रे हातातच ठेवून ती म्हणाली, "भाऊजी, हे हिच्यावर धंदा करणार होते. नोकरी गेल्यापासून..."

"तू आत जा," अंबाजी म्हणाला.

लग्नाला तीस वर्षं झाली, चार माणसांत तो तिच्यावर असा कधी डाफरला नव्हता. तिनं ट्रे खुर्चीवर ठेवला आणि आत गेली.

"काय म्हणत होती ती?" एकनाथरावांनी विचारलं. "तुझं काही ठरलं असेल तर सांग बाबा. पोराला दुसरी बघून देऊ." ते खरंच विचारत होते. उत्तरासाठी थांबलेही होते. कपातला चहा बशीत ओतता ओतता त्यांचा हात थांबला होता.

अंबाजीनं गाडीकडं बघितलं. मग दादांच्या पायांकडं. "काही नाही, दादा. तुमचीच आहे."

ते गेल्यावर प्रियदर्शिनी भडकली. "एक वाक्य, बाबा! एकच वाक्य बोलायचं होतं."

"त्यांना कळायला नको?"

"कसं कळणार? जन्मात कुणी त्यांना काही सांगितलंय?"

त्या दिवशी तारामतीनं जेवण वाढलं, पण भाजी परत हवी का असं विचारलं नाही.

बुधवारी तो पिकअप घेऊन एकटाच निघाला. मशीन, हत्यारं अजून हौद्यातच होती. कॅफेवर पोचल्यावर उतरवू, असं घरी म्हणाला. खरं तर त्याला गाडी एकदा भरलेली चालवून बघायची होती. हायटेक सिटीच्या पुलाखाली एका इडलीवाल्याच्या हातगाडीचा आस तुटून पडलेला. चटणी रस्त्यावर. पिकअपमधलं वेल्डिंग मशीन बघून तो धावत आला. "चच्चा, जोड देते क्या? धंदे का टाइम है."

अंबाजीनं गाडी बाजूला घेतली. जनरेटर सुरू केला, आस वाइसमध्ये धरला, कड घासून खाच पाडली आणि टाका भरत आणला. वीस मिनिटं. मधे दोनदा मोबाइल वाजला, हर्षवर्धनचा. त्यानं उचलला नाही. इडलीवाल्यानं पैसे दिले, ते घेतले. "नंबर देके जाओ चच्चा, इधर सबका कुछ ना कुछ टूटताच रहता," तो म्हणाला. अंबाजीनं खिशात पेन शोधलं, सापडलंही, मग म्हणाला, "नक्को. ये गाडी बिक गई समझो."

कॅफेवर हर्षवर्धन वाटच बघत होता. "काका, जरा रेस करा ना, आवाज रेकॉर्ड करतो." अंबाजीनं रेस केली. मग चावी फिरवली. हत्यारं उतरवून भिंतीला लावली.

"खिडकी तुम्हीच कापता का, काका? काउंटरची."

"नाही." दादांच्या घरच्यांपुढं हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला, तोही पुतण्यासमोर आणि खिडकीपुरता. "ते तुमचं तुम्ही बघा."

हर्षवर्धननं एक फॅब्रिकेशनवाला बोलावूनच ठेवला होता. त्यानं खूण न करता, नुसत्या नजरेनं ग्राइंडर चालवायला सुरुवात केली. वीतभर कापलं न कापलं तोच रेघ खाली घसरली. पत्रा थरथरत होता, ग्राइंडरचं चाक मधेच अडकत होतं, रंगाचे पोपडे उडत होते. अंबाजी पाठ करून उभा राहिला. आवाजावरूनच त्याला कळत होतं, आता वाकडं चाललंय, आता अजून वाकडं.

तो वळला. "थांब रे. दे इकडं."

खडूनं चौकट आखली. गुण्या लावून कोपरे तपासले. आतून लाकडाचा ठोकळा लावून पत्र्याची थरथर बंद केली आणि स्वतः उभी केलेली पेटी चारी बाजूंनी सरळ कापली. कडा कानशीनं घासल्या, गिऱ्हाइकाच्या कोपराला लागू नयेत म्हणून.

एकनाथराव तोवर आले होते. "बघ," ते मुलाला म्हणाले, "म्हटलं नव्हतं? अंबाजीला सांगावं लागत नाही."

"आणि हे खण राहू देत हां काका," हर्षवर्धन एक खटका उघडझाप करत म्हणाला. "चमचे ठेवायला मस्त आहेत."

अंबाजीनं कापलेला पत्रा जमिनीवर उलटा ठेवला, धार वर राहू नये असा. हात पँटला पुसले आणि विचारलं, "दादा, कुकटपल्लीची बस इथून कुठून मिळते?"

दादांना ते माहीत नव्हतं.