लहान आकड्याचा मान

लेकीच्या लग्नाआधी तिच्या होणाऱ्या सासूबाई मला कॅलिफोर्नियात, सनीव्हेलजवळच्या सुक्या मासळीच्या एका चिनी दुकानात घेऊन गेल्या. बाई हाँगकाँगच्या. इंग्रजी मोजकंच, आणि मला त्यांच्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. गाडी चालवता चालवता लेक बजावत होती, "आई, प्लीज, तिथे फेसेस करू नकोस हं." मी देवगडची. सुक्या मासळीला नाक मुरडणारी मी नव्हे! पण या घरात माझी मुलगी रुळेल का, या काळजीने माझा जीव टांगणीला लागला होता.

लग्नाच्या जेवणासाठी अबलोनी घ्यायचे होते. समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणारा शिंपल्यातला जीव हा. वाळला की खारकेसारखा टणक होतो. बरण्यांवर नुसते आकडे. मुलीकडचे कद्रू निघाले असं व्हायला नको, म्हणून मी सगळ्यात मोठ्या आकड्याची बरणी उचलली. विहीणबाईंनी ती माझ्या हातून काढून जागेवर ठेवली.

"नो, नो. स्मॉल नंबर, बिग वन."

ठरलेल्या वजनात किती नग बसतात, तो आकडा होता तर! आमच्या वडिलांची हापूसची कलमं होती. चार डझनी पेटीतला आंबा सात डझनी पेटीतल्यापेक्षा मोठा, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. आंबेवाल्याची पोर आणि इथे फसले!

मग बाईंची निवड सुरू झाली. एकेक नग दिव्यासमोर धरायचा. मध्ये काकवीचा रंग झळकला तर पसंत, काळपट दिसला तर परत. कडेवरून बोट फिरवून चीर शोधायची, मग वास. मी मोठ्या ऐटीत एक निवडून दिला. त्याच्या कडेचा टवका उडाला होता. बाईंनी नुसत्या भुवया उंचावल्या आणि तो बाजूला ठेवला. फार आवडल्या मला विहीणबाई. वडीलही डागी फळ असंच, दयामाया न दाखवता बाजूला काढत.

आमच्यात मुलाच्या आईचा मान मोठा; मुलीच्या आईने वाकायचं. जेवणाच्या दिवशी मी वाढायला उठले. बाईंनी खांदा दाबून मला खाली बसवलं आणि ताटातला सगळ्यात मोठा अबलोनी माझ्या बशीत ठेवला.

"बिग वन," त्या म्हणाल्या.

मला रडूच कोसळलं. लेक घाबरून म्हणाली, "आई, आर यू ओके?" मुलीच्या आईला कुणी असं वाढलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. लेक तिथे रुळेल का, हे मी त्यानंतर कधी मनात आणलं नाही.