सत्काराची शाल

गेल्या महिन्यात नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या एका सभागृहात 'जंगलातलं बंड कसं मोडावं' यावर व्याख्यान होतं. मी निवृत्त पोलीस, गडचिरोलीच्या जंगलात सहा वर्षं काढलेला, म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. वक्त्याने नकाशे दाखवले, बाण दाखवले आणि सांगितलं, लोकांची मनं जिंकली पाहिजेत. टाळ्या पडल्या. माझं डोकं सणकलं. मनं जिंकली होती ना आम्ही! जिंकून आमच्याच हाताने मातीत घातली.

आमच्या ठाण्याजवळच्या गावात एक म्हातारा होता. एका सकाळी विहिरीवर माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाला, "आज पुलाकून नोका जाऊ." एवढंच. पुलाखाली सुरुंग निघाला. आमची अख्खी तुकडी वाचली.

अशा माणसाचं नाव पोटात ठेवायचं असतं, याला काय मोठी अक्कल लागते? पण कोणी चांगलं काम केलं की त्याला शाल-नारळ दिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मोठ्या साहेबांनी मेळावा ठेवला. म्हाताऱ्याला आणायला मोटारसायकल घेऊन मीच गेलो.

"मले नोको नेऊ बापू, तिथं फोटू काढतेत," तो म्हणाला.

"काहून घाबरून राहिले, बाबाजी? साहेबाले वाईट वाटन. चाला."

तो मागे बसला. शाल पांघरलेला त्याचा फोटो पेपरात छापून आला. चौथ्या दिवशी बंदूकवाल्यांनी त्याला घरातून ओढून नेलं आणि गावाच्या वेशीवर मारलं. त्यानंतर त्या गावात आम्हाला कोणी साधी पायवाटही सांगितली नाही. कशाला सांगतील? साहेबांचा राग येतो, पण त्याहून जास्त मला माझ्या त्या जिभेचा येतो.

व्याख्यान संपलं आणि माझं नाव पुकारलं. टेबलावर शाल, नारळ, समोर फोटोवाला. मी जागचा हललो नाही. आयोजक खाली वाकून कानाशी म्हणाला, "चाला ना काका, पाव्हण्यायले वाईट वाटन."

मी ताडकन उठलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "मले नोको शाल! एक हाय घरी. ज्याची होती ना, त्याच्या बायकोनं ठाण्यावर आणून देल्ली. धुऊन, घडी करून."