वरच्या षड्जामागची फुसफुस

तुमच्या आजोबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून आम्ही घरात हाय-रिझोल्यूशन संगीत ऐकतो.

कानाच्या डॉक्टरांनी यंत्र बसवा असं सुचवलं, तेव्हा आजोबांनी ते एका वाक्यात मान्य केलं. फक्त यंत्र कानात न बसवता दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये बसवलं! त्याच्या डावी-उजवीकडे माझ्या उंचीचे दोन स्पीकर आले, आणि मागून बागेला पाणी घालायच्या नळीएवढ्या जाड वायरी आल्या. मग डिस्क यायला लागल्या.

"अगं, साध्या सीडीत आवाजाचे कितीतरी बारकावे कापले जातात," आजोबा म्हणाले. "या डिस्कमध्ये माणसाच्या कानाला जे ऐकू येत नाही, तेसुद्धा असतं!"

"ते तुम्हाला आत्ताही ऐकू येत नाहीच की. त्यासाठी वेगळी डिस्क कशाला?"

(उत्तरादाखल त्यांनी आणखी एक डिस्क मागवली.)

बाळांनो, या सगळ्या डिस्कमध्ये एक आपल्या घरची आहे. तुमच्या कुमुद आत्याआजी, म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण आणि माझ्या वन्सं, पूर्वी मैफली करायच्या हे तुम्ही ऐकलं असेल. इथे सुरतला आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचं गाणं झालं आणि त्यांच्या एका शिष्याने ते अगदी नव्या पद्धतीने ध्वनिमुद्रित केलं. पुढे गळ्याला, तबल्याला, पेटीला वेगवेगळे माइक, आणि दोन माइक पार मागच्या भिंतीशी, उंच काठ्यांवर.

"हे कशाला?" मी विचारलं.

"हॉलची हवा पकडायला, काकू."

सुरतच्या हॉलमधली हवा पकडून हा काय करणार, ते मी विचारलं नाही. मला कामं होती. हॉलची व्यवस्था माझ्याकडे होती, आणि मी शिस्तीच्या बाबतीत कशी आहे ते तुमच्या बाबांना विचारा. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलं होतं, की मैफलीत हात मांडीवर ठेवायचे आणि टाळ्या फक्त शेवटी. पुढे मी तेच तीस-पस्तीस वर्षं इंग्रजीच्या तासाला शिकवलं. त्या संध्याकाळी मी मागच्या रांगेत खुर्ची टाकून बसले आणि हॉल असा शांत ठेवला, की टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मंडळात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. घरी येताना मी स्वतःवर फार खूश होते.

रिक्षात बसल्यावर वन्सं मात्र म्हणाल्या, "सुमन, एकाच्याही तोंडून वाहवा नाही गं निघाली."

"वन्सं, लोक भारावून गेले होते," मी म्हटलं.

मग डिस्क आली. आम्ही सगळे ती ऐकायला बसलो. वन्संचा आवाज आमच्या सोफ्यावर बसून गातोय इतका जवळ वाटत होता. आलाप चढत गेला, वरच्या षड्जाला पोहोचला, आणि त्या षड्जाच्या मागे बारीकसा आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. फुस्स! पुढच्या वेळी सूर वर गेला, पुन्हा फुस्स! चांगली जागा आली रे आली, की फुस्स!

वन्संनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग आजोबांना म्हणाल्या, "मधू, वरती श्वास फुटतोय माझा. आता पुरे." सुरतजवळ कामरेजला मुलाच्या घरी गेल्या, तानपुऱ्याला खोळ चढवली, आणि त्यानंतर त्या चारचौघांत गायल्या नाहीत.

आजोबांनी हे कधीच मान्य केलं नाही. "ताईचा श्वास फुटत नाही! दोष यंत्राचा आहे!" असं त्यांनी जाहीर केलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दोषी यंत्राचा शोध सुरू झाला.

पहिला संशय वायरींवर आला. वायरी बदलल्या. फुसफुस तशीच. मग संशय फ्रीजवर. डिस्क ऐकताना फ्रीज बंद ठेवायचा असं ठरलं, आणि तो पुन्हा चालू करायला ते विसरले, तेव्हा माझं श्रीखंड गेलं. मग पंखा बंद. (मे महिन्यात! सुरतेत!) मग सोफा "आवाज पितो" म्हणून बेडरूममध्ये हलवला आणि आम्ही दोघं या वयात जमिनीवर बसून शास्त्रीय संगीत ऐकू लागलो. उठताना आमच्या गुडघ्यांचे जे आवाज यायचे, तेही हाय-रिझोल्यूशनच होते.

शेवटी संशय खालच्या मजल्यावर उतरला. तिथे हंसाबेन राहते. ती घरी साड्यांना लेस लावायचं काम करते आणि तिचं मशीन दिवसभर चालू असतं. आजोबा जिना उतरून तिच्या दारात उभे राहिले.

"हंसाबेन, जरा मशीन बंद करती का? वर ताईचा षड्ज लागलाय."

"काका, मशीन तो सवारनुं बंध छे! लाइट ज क्यां छे?"

लाइट सकाळपासून नव्हती. आजोबांचा प्लेअर इन्व्हर्टरवर चालला होता. वर येऊन ते मला म्हणाले, "म्हणजे मशीन निर्दोष आहे." मग थोड्या वेळाने, "इन्व्हर्टर?"

अशी वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात आजोबांना कुणीतरी सांगितलं, की डिस्क वाजवण्यापेक्षा तिच्यातला आवाज जसाच्या तसा उपसून काढायचा आणि त्याची फाइल करायची. मग मधे आपला प्लेअर नाही, त्याचा जुना भिंगाचा डोळा नाही, काही नाही. त्यांचे डोळे चमकले. "फाइलीत फुसफुस आली नाही, की दोष प्लेअरचा ठरला. ताईला बोलवून ऐकवतो!"

"आणि आली तर?"

आली तर दोष द्यायला घरात एकही यंत्र शिल्लक नव्हतं. मग उरला फक्त वन्संचा गळा.

आता, ही डिस्क साध्या कॉम्प्युटरमध्ये घातली तर कॉम्प्युटर सरळ सांगतो की आत डिस्कच नाही. ती उपसायला एक ठरावीक जुन्या जातीचाच प्लेअर लागतो. तो आजोबांनी कतारगामच्या एका दुकानातून शोधून आणला. त्याला एक पेनड्राइव्ह लावायचा, मागून लांब वायर काढून इंटरनेटच्या डब्याला जोडायची, आणि मग तो भूत लागल्यासारखा वागतो. कोणी हात न लावता डिस्क ठेवायची जीभ बाहेर काढतो, विचार करतो, आत घेतो. माझी सायंप्रार्थना चालू असताना त्याने दोनदा मला जीभ दाखवली!

इंटरनेटचा डबा बेडरूममध्ये, प्लेअर दिवाणखान्यात. त्यामुळे वायर गॅलरीतून फिरवून आणली. पहिल्या दिवशी फाइल निम्मी झाली आणि अडकली. आजोबांनी प्लेअर तपासला, पेनड्राइव्ह तपासला, कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला.

"अगं, या वायरवर माझे पंचे कुणी वाळत घातले?"

ताणलेली दोरी रिकामी राहिलेली मला बघवत नाही, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी पंचे नव्हते आणि प्रत्येक गाण्याची फाइल पूर्ण उतरली. त्या फायलींना नावं देण्याचं खातं माझ्याकडे आलं. राग, ताल, गायन, तबला, पेटी, सगळे रकाने मी शुद्ध देवनागरीत भरले. आजोबांनी मात्र एकही फाइल वाजवून पाहिली नाही. "ताईसमोरच लावायची," म्हणाले. धीर होत नव्हता, एवढंच.

रविवारी वन्सं कामरेजहून आल्या. हंसाबेनही सुरतची तुपाळ मिठाई, घारी, घेऊन वर आली. तिला आपल्या मशीनची अब्रू कायमची स्वच्छ करून घ्यायची होती. सोफा त्या दिवसापुरता परत दिवाणखान्यात आला. वन्सं पर्स मांडीवर धरून अगदी टोकाशी बसल्या, दवाखान्यात नंबर यायची वाट बघतात तशा.

आजोबांनी फाइल लावली. आलाप चढला. मी पदराचं टोक पिळत होते. वरचा षड्ज आला, लागला, आणि...

फुस्स!

वन्संनी चष्मा पुसला. "झालं ना समाधान, मधू? मी तेव्हाच सांगितलं होतं. बंद कर आता. हंसाबेन, काढ गं ती घारी."

"थांब, ताई." आजोबांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "या फाइलीत प्रत्येक माइकचा आवाज वेगळा ठेवलेला आहे. एकेक सोलून बघतो. आधी फक्त तुझा गळा."

कॉम्प्युटरवर पाच पट्ट्या दिसत होत्या. त्यांनी एक ठेवून बाकीच्या मुक्या केल्या. वन्संचा आवाज एकटा आला. आलाप, चढ, वरचा षड्ज. स्वच्छ! धुतलेल्या काचेसारखा! ना फुस्स, ना काही.

"ताई!" आजोबा खुर्चीतून उठलेच. "सांगत होतो की नाही!"

वन्संच्या हातातून पर्स खाली घरंगळली. "परत लाव," म्हणाल्या. परत लावली. परत स्वच्छ.

"मग ते फुस्स कोण करतंय?" मी विचारलं. (हो, मीच विचारलं. गप्प बसले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.)

"मागचे दोन माइक!" आजोबांना आता शिकाऱ्याचा चेव चढला होता. "तेच खराब असणार. नुसते तेच लावतो, आवाज मोठा करून."

त्यांनी बटण फिरवलं. वन्संचं गाणं आता लांब, शेजारच्या इमारतीतून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं. अगदी जवळ एक खुर्ची करकरली. सूर वर गेला आणि एका पुरुषाचा भरदार आवाज आला, "वाहवा! क्या बा—"

"श्शऽऽ!"

पुन्हा सूर चढला. "जियो, कुमुदता—"

"श्शऽऽ! टाळ्या शेवटी! हात मांडीवर!"

हंसाबेनच्या हातातला घारीचा डबा तिरका झाला. "अरे, आ तो सुमनकाकी छे!"

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. मी स्पीकरकडे बघितलं. स्पीकर माझ्याच आवाजात म्हणाला, "खोकायचं असेल तर बाहेर!"

"बंद करा ते," मी म्हटलं.

"थांब गं, पुढे काय आहे बघू." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आजोबांना प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येत होता. पुढे त्यांचाच आवाज आला, "वा, ताई, वा—" आणि त्यावर माझा, "अहो, श्श! निदान तुम्ही तरी!"

काठीवरचा माइक नेमका माझ्या डोक्यावर होता. हॉलची हवा पकडायला लावला होता आणि त्याने मला पकडलं! प्रत्येक चांगल्या जागेला लोकांच्या तोंडून दाद निघत होती आणि प्रत्येक दाद मी मधेच छाटत होते. सगळ्या आवाजांच्या मिसळीत त्यातलं बाकी सगळं बुडालं आणि वर तरंगत राहिलं ते फक्त माझं 'श्श'.

वन्सं हसत नव्हत्या. मान पुढे काढून ऐकत होत्या. "हे पहिले वाहवावाले देशपांडे मास्तर ना? आणि हा जियो कुणाचा? आपल्या बमरोलीच्या पाटलांचा?" एकेक तुटकी वाहवा त्या ओळखून, निवडून घेत होत्या. सगळ्या जमल्यावर त्या जोरात हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"सुमे, तू माझा जीव घेतलास की गं! तेव्हापासून रोज पहाटे उठून मी श्वासाचे व्यायाम करतेय!"

"त्याने काही फायदा झाला का, वन्सं?" मी विचारलं.

"बीपी सुधारलं!"

मी घाईघाईने म्हटलं, "वन्सं, मागच्या दोन पट्ट्या काढून टाकू. फाइल अगदी स्वच्छ होईल."

"खबरदार हात लावशील तर! माझी वाहवा आहे त्यात. अर्धी का असेना."

मग कुणी आग्रह न करताच त्यांनी सूर लावला. तानपुरा नव्हता, म्हणून आजोबांनी मोबाइलवरचा लावला. वरच्या षड्जाला हंसाबेन म्हणाली, "वाह, मासी, वाह!" आणि माझे ओठ आपोआप पुढे आले. मी अख्खी घारी तोंडात कोंबली. तुपाने ठसका लागला, पण मी खोकले नाही. (खोकायचं असेल तर बाहेर!)

ती फाइल या पत्रासोबत पाठवते आहे. कलाकारांच्या रकान्यात गायन, तबला, पेटी यांच्या खाली वन्संनी शेजारी बसून माझ्याकडून एक नाव वाढवून घेतलं आहे: 'फुसफुस: सुमन'.

आजोबा मात्र या सगळ्याने हादरले आहेत. बायकोचा आवाज इतकी वर्षं ओळखू आला नाही म्हणजे कानात खरोखरच दोष आहे, असं म्हणून त्यांनी डॉक्टरांकडे यंत्रासाठी नंबर लावला आहे. मी त्यांना अडवलं नाही. माझे दोन्ही कान ठणठणीत आहेत आणि तो आवाज मलाही ओळखू आला नव्हता, हे मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.