बुटांची राखण

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं आम्हा शिपायांना फुकटात इटली दाखवली. वाटेत तेवढी थोडी लढाई ठेवली होती. एका रजेच्या दिवशी लॉरीतून शहर बघायला नेलं, तेव्हा माझ्या शेजारी दुसऱ्या पलटणीतला, वयानं थोरला एक शिराळ्याचा गडी होता. शिराळ्याची माणसं नाग हातात धरतात. मी तासगावकडचा, चौथीतून शाळा सोडलेला, मला बुटाच्या नाडीचीही भीती.

भल्या मोठ्या चर्चच्या पायरीवर त्यानं देवळात जाताना काढावेत तसे सरकारी बूट काढले. गोरे सोल्जर खाडखाड बूट वाजवत आत चालले होते.

"आवं, बूट जात्याल," मी म्हटलं. "हितल्या लोकांच्या पायात काय न्हाई. मग हवालदार आपलं कातडं सोलंल."

"देव त्यांचा असंल गड्या, पाय तर आपलंच हायत न्हवं?"

असं म्हणून तो अनवाणीच आत गेला. मीही बूट काढले आणि दोन्ही जोड राखत पायरीवर बसलो. परदेश बघायला आलेला मी परदेशाकडं पाठ करून बूट बघत होतो. तो बाहेर आला, माझ्या जागी बसला आणि म्हणाला, "आता तू जा. पन मन हितं बुटात ठिवून जाऊ नगंस. उद्या परत लढाईवर जायाचं हाय."

मी गेलो. त्याचं नाव विचारायचं राहिलं, उपकार तेवढे राहिले. आत काय पाहिलं, असं गावी अजून विचारतात. छत सगळ्यांनीच पाहिलं असेल. एवढ्या मोठ्या फौजेत तिथली फरशी गार आहे, हे मात्र आम्हा दोघांनाच ठाऊक.